योम किप्पूर : दारे मिटण्याचा सण

ज्यू पंचांगातील तिश्री महिन्याचा दहावा दिवस म्हणजे योम किप्पूर, अर्थात प्रायश्चित्ताचा दिवस. तो सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येतो. आदल्या सूर्यास्तापासून सुमारे २५ तास अन्नपाणी वर्ज्य. स्नान आणि चामड्याची पादत्राणेही निषिद्ध. संध्याकाळी सिनेगॉगमध्ये 'कोल निद्रे'ने आरंभ होतो, दुसऱ्या दिवशी दुपारी योनाची कथा वाचली जाते. उपवासाहून कठीण अट मात्र वेगळीच आहे. ईश्वराविरुद्धच्या अपराधांना या दिवशी क्षमा मिळते. माणसाचा केलेला अपराध त्या माणसाची समजूत काढल्याखेरीज धुतला जात नाही, असे मिश्ना हा धर्मग्रंथ सांगतो. म्हणून नववर्षानंतरच्या दिवसांत लोक परस्परांकडे जाऊन क्षमा मागतात.

कोकणातील बेने इस्रायल समाजात याला 'दारफाळणीचा सण' म्हणत. शुभ्र वस्त्रे नेसून, दारे लावून, इतरांचा स्पर्श टाळून दिवस काढायचा. दुसऱ्या दिवशी 'शिळा सण', म्हणजे दानधर्म व गाठीभेटी. धर्मग्रंथ हाती नसतानाही पिढ्यान् पिढ्या हा दिवस जपला गेला, हे विशेष. दिवसाच्या अखेरच्या प्रार्थनेचे नावही 'नेइला', म्हणजे दारे मिटणे. मग शोफार, बहुधा मेंढ्याचे शिंग, फुंकले जाते आणि उपवास सुटतो.