उंटाआधीची होडी

अरबस्तान म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर वाळू, उंट आणि खजुराचे झाड येते. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत इतिहास शिकवतो. फळ्यावर अरबस्तानचा नकाशा काढला, की मुले वहीत न सांगता त्यात एक उंट काढतात. एकदा सातवीच्या वर्गात आम्ही सहज बोलून गेलो, की अरबस्तानात उंट माणसाळला तो इसवी सनापूर्वी १००० च्या आसपास. त्याआधी लोक रानटी उंटाची शिकार करीत. मागच्या बाकावरून लगेच प्रश्न आला, "सर, ऊंट नहीं था तो अरब लोग आते-जाते कैसे थे?" विचारणाऱ्या मुलाचे अब्बा कुवेतमध्ये ट्रक चालवतात. आमच्याजवळ उत्तर नव्हते. प्रश्न कसा टाळावा हे बी.एड.ला शिकवत नाहीत, पण नोकरीत ते आपोआप येते. "कल बताएंगे" म्हणून आम्ही वेळ मारून नेली.

त्या 'कल'ला बरेच महिने लागले. पुरातत्त्वज्ञांनी लिहिलेले वाचत गेलो तसे लक्षात आले, की उत्तर वाळूत नाही, किनाऱ्यावर आणि बेटांवर आहे.

आधी समुद्राची गोष्ट समजून घेतली पाहिजे. आज ज्याला आपण आखात म्हणतो, तेथे सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, पाणी नव्हते. जगभरच्या समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती आणि आखाताची सरासरी खोली अवघी ३५ मीटरच्या आसपास आहे. जेथे आज तेलवाहू जहाजे चालतात, तेथून दजला आणि फुरात या नद्या एकत्र वाहत होत्या. मग बर्फ वितळले, समुद्र हळूहळू आत आला आणि सुमारे सहा-सात हजार वर्षांपूर्वी किनारा साधारण आजच्या जागी स्थिरावला. म्हणून त्याआधीच्या किनारी वस्त्या बहुधा पाण्याखाली गेल्या. आपल्या हाती लागतात त्या उंचावर राहिलेल्या.

अशीच एक वस्ती अबू धाबी शहराच्या पश्चिमेला सुमारे शंभर किलोमीटरवर मरावाह बेटावर आहे. सुमारे ८ हजार वर्षांपूर्वी तेथे दगडी भिंतींची घरे होती. लोक तात्पुरते तंबू ठोकून निघून जाणारे नव्हते. खोल्या, भिंती, दारे असा सगळा संसार होता. एका घराचा वापर थांबल्यावर त्याच घराच्या खोलीत मृताचे दफन केलेले आढळले. मासे, कासव आणि समुद्रगाय यांची हाडे मिळाली. समुद्रगाय म्हणजे डुगाँग, समुद्रातले गवत खाणारा मोठा सस्तन प्राणी. २०१७ च्या उत्खननात एका खोलीच्या जमिनीवर एक लहानसा मोती सापडला. कार्बन-१४ पद्धतीने तो थर इसवी सनापूर्वी ५८०० ते ५६०० या काळातला ठरला. उत्खननात मिळालेल्या मोत्यांपैकी हा सर्वांत जुना मानला जातो. २०१९ मध्ये तो अबू धाबीच्या लूव्र संग्रहालयात लोकांना पाहायला ठेवला. पुढे २०२२ मध्ये घाघा नावाच्या बेटावरची घरे याहूनही जुनी, साडेआठ हजार वर्षांपूर्वीची असल्याचे जाहीर झाले.

मोती शब्द आला, की आमच्या मुलांना 'लुलू' आणि 'मरजान' आठवतात. सूरह रहमान त्यांना पाठ असते. पण लुलू काढणारी माणसे त्या किनाऱ्यावर हजरत ईसांच्याही साडेपाच हजार वर्षे आधी होती, हे ऐकून त्यांचे डोळे मोठे होतात. इस्लामपूर्व काळाला आपण जाहिलियत म्हणतो. तो शब्द त्याच्या धार्मिक अर्थाने त्याच्या जागी बरोबर आहे. मात्र त्या काळी त्या मुलखातल्या माणसांना काहीच येत नव्हते, असा त्याचा अर्थ आपण कधी करून बसलो, ते आम्हाला कळत नाही. आम्ही स्वतः अनेक वर्षे तसेच शिकवले, हे कबूल करतो.

मरावाहच्या त्या वस्तीत रंगीत नक्षी असलेले एक मडके मिळाले. ते तेथले नव्हे. दक्षिण इराकमध्ये तेव्हा जी संस्कृती नांदत होती, तिला उबैद संस्कृती म्हणतात. मडके तिच्या घडणीचे आहे. अशी उबैद मडकी आणि खापरे कुवेत, सौदी अरेबियाचा पूर्व किनारा, बहारीन, कतार, अमिराती अशा लांबच लांब पट्ट्यात सापडली आहेत. ती इराकमध्येच घडली, हे १९७७ मध्ये जोन ओट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीचे रासायनिक पृथक्करण करून दाखवले.

येथे एक प्रश्न उभा राहतो आणि आमचे मन त्यातच जास्त गुंतले. मडकी इराकची, पण ती आणणारी होडी कोणाची? इराकच्या कोळ्यांनी आणि व्यापाऱ्यांनी यावे, मासे सुकवावेत, मोती घ्यावेत, मडकी टाकून जावे आणि किनाऱ्यावरच्या लोकांनी नुसते पाहत बसावे, असे चित्र बराच काळ रंगवले गेले. शहर तिकडे, शेती तिकडे, म्हणून अक्कलही तिकडेच, असा हा हिशेब. शेजारच्या श्रीमंत गावाच्या नावावर गरीब गावाची कामगिरी जमा करायची, ही खोड इतिहास लिहिणाऱ्यांची जुनी आहे.

कुवेतच्या उत्तरेला सबिया नावाचा भाग आहे. तेथील एका स्थळाला पुरातत्त्वज्ञ 'एच ३' म्हणतात. रॉबर्ट कार्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तेथे डांबराचे तुकडे मिळाले. काळ साधारण सात हजार वर्षांपूर्वीचा. तुकड्यांच्या एका बाजूला बोरूच्या जुड्यांचे आणि दोरीचे ठसे उमटलेले आणि दुसऱ्या बाजूला होडीच्या तळाला चिकटतात तसले कवचाचे समुद्री जीव. म्हणजे बोरूच्या जुड्या बांधून होडी करायची, तिला बाहेरून डांबर फासायचे आणि ती समुद्रात लोटायची. ते जीव चिकटायला होडी खाऱ्या पाण्यात बराच काळ राहावी लागते; खाडीत चार दिवस फिरवून भागत नाही. समुद्रात वापरलेल्या होडीचे याहून जुने अवशेष जगात कोठे मिळालेले नाहीत. तेथेच मातीची एक छोटी होडी मिळाली आणि खापराची एक चकती मिळाली. चकतीवर रंगाने होडी काढली आहे आणि तिला दोन पायांची डोलकाठी आहे. डोलकाठी म्हणजे शीड, शीड म्हणजे वाऱ्यावर चालणे.

घरे दगडाची, हत्यारे अरबस्तानातल्या पद्धतीची, सोबत इराकची मडकी. मग डांबर कोठले? इराकमध्ये डांबर भरपूर, म्हणून ते तिकडचेच असेल असे कोणालाही वाटावे. पण रासायनिक तपासणीत ते कुवेतच्याच बुर्गान टेकडीवर झिरपणाऱ्या डांबराशी जुळले. वाचकांपैकी ज्यांच्या घरातले कोणी कुवेतला आहे, त्यांना बुर्गान हे नाव ठाऊक असेल. १९३८ मध्ये तेथे तेल लागले आणि कुवेतचे नशीब पालटले. तेल निघण्यापूर्वी या लोकांकडे काय होते, असे आपल्याकडे लग्नाच्या पंगतीतही म्हणतात. त्याच तेलाच्या जमिनीतले डांबर फासून त्या किनाऱ्यावर सात हजार वर्षांपूर्वी होडी तयार होत होती.

आमचा दावा असा नाही, की इराकी लोक आलेच नाहीत. ते आले असतील, राहिलेही असतील. पण येणे-जाणे दोन्हीकडून होते, एवढे मानायला आता हरकत नसावी. दलमा बेटावर सात हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत खजुराच्या जळालेल्या बिया मिळाल्या. अरबस्तानात खजूर खाल्ल्याच्या सर्वांत जुन्या पुराव्यांत त्या मोडतात. उम्म अल-कुवैनच्या अकाब बेटावर ट्यूनाची, म्हणजे आपल्या कुप्याची हाडे सापडली. किनाऱ्यावर उभे राहून कुपा मिळत नाही, हे रत्नागिरीच्या वाचकांना आम्ही काय सांगावे!

याच अकाबवर समुद्रगायींच्या हाडांचा एक ढीग आहे, इसवी सनापूर्वी ३५०० ते ३२०० या काळातला. आधी वाटले, ही मांस कापण्याची जागा असेल. फ्रेंच संशोधकांनी पुन्हा नीट उकरले तेव्हा दिसले, की किमान चाळीस प्राण्यांची हाडे मुद्दाम रचलेली आहेत; कवट्या ओळीने मांडल्या आहेत, मध्ये मणी आणि हत्यारे ठेवली आहेत. २००९ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. ती पूजा होती की शिकारीचा मान, कोण सांगणार? पण ते कसाईखाने नव्हते.

त्या काळात वरच्या मुलखात हवामान कोरडे होत चालले होते. पूर्वी आतल्या भागात तळी होती, गवत होते, लोक शेळ्या-मेंढ्या आणि गुरे चारीत. इसवी सनापूर्वी ४००० च्या सुमारास पाऊस हटला आणि अमिरातीतल्या कित्येक जागा ओस पडल्या. ओमानच्या किनाऱ्यावर मात्र वस्ती टिकली, कारण तेथे समुद्र खायला देत होता. आज मस्कत शहरात आलेल्या रास अल-हमरा येथे त्या लोकांचे कब्रस्तान आहे. बाजूला कुरुमची तिवरे आहेत. अरबीत 'कुर्म' म्हणजे तिवरच. हे लोक शिंपल्याचे गळ घासून करीत आणि दगड बांधून जाळी टाकीत. मृताला कुशीवर निजवून वर दगड रचीत. काही कबरींत डोक्याजवळ कासवाची कवटी ठेवलेली आहे. एका मृताच्या हातात मोती दिला होता.

पुढे ग्रीक लेखकांनी या किनाऱ्यांवरच्या लोकांना 'मासेखाऊ' असे नाव ठेवले. जणू मासे खाणे हीच त्यांची सगळी हकिकत. आपल्या कोकणातल्या माणसाला मुंबईत असेच कोणी म्हटले, तर कसे वाटते, ते आम्हाला माहीत आहे.

या समुद्राचे दुसरे टोक आपल्याकडे आहे. ओमानच्या पूर्व टोकाला रास अल-जिंझ येथे इसवी सनापूर्वी तिसऱ्या सहस्रकातले होडीचे डांबर मिळाले, तेच बोरूचे ठसे, तेच चिकटलेले जीव आणि सोबत सिंधू लिपीची अक्षरे असलेले खापर. गुजरातेत लोथलला आखाती घडणीची मुद्रा सापडली. मुंबईच्या बाजारात बहारीनचे मोती विसाव्या शतकापर्यंत येत राहिले आणि आपला रुपया आखातात १९६० च्या दशकापर्यंत चालला.

प्रश्न विचारणारा तो मुलगा आता नववीत आहे. आम्ही उशिरा का होईना, त्याला उत्तर दिले. नकाशावर सबिया दाखवले. त्याने रात्री फोनवर अब्बांना विचारले. कुवेत शहरातून सबियाला जाणारा समुद्रावरचा लांब पूल २०१९ मध्ये सुरू झाला, त्यावरून ते कैकदा ट्रक घेऊन गेले आहेत. ते म्हणाले, "उधर तो कुछ नहीं बेटा, सिर्फ रेत है." मुलाने त्यांना होडीचे सांगितले. पुढच्या खेपेला गाडी बाजूला लावून बघतो, असे ते म्हणाल्याचे त्याने आम्हाला दुसऱ्या दिवशी सांगितले.