कर्ण्यापासून वेजपर्यंत : उपनगरी स्टेजवरच्या गिटारच्या आवाजाची कहाणी

डिजिटल यंत्रातून गिटार वाजवणाऱ्याला स्टेजवर स्वतःची एक पेटी लागते. अँप्लिफायर तिच्या पोटातच असतो, खर्जापासून टिपेपर्यंतचा आवाज ती एकाच मापाने देते, आणि जमिनीवर तिरकी ठेवली की तिचे तोंड वादकाच्या कानाकडे होते. साउंडवाले तिला पॉवर्ड मॉनिटर म्हणतात, तिरकी ठेवलेली असली तर वेज. गिटारवादकांच्या तोंडी ‘एफआरएफआर’ ही चार अक्षरे असतात; पूर्ण पल्ल्याचा आणि सपाट, म्हणजे आपल्या पदरचे काही न घालणारा आवाज, असा त्यांचा अर्थ. मुंबईच्या अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या उपनगरांतल्या स्टेजवर ही पेटी अलीकडे आली. पण ती कोणत्या अडचणीवरचा उपाय म्हणून आली, हे समजायला बरेच मागे जावे लागते, आणि ती निवडायची कशी याचे निम्मे उत्तर त्या इतिहासातच सापडते.

उपनगरातल्या सार्वजनिक आवाजाची सुरुवात कर्ण्याने झाली. मुंबईच्या मोटवाने कुटुंबाच्या शिकागो रेडिओ या कंपनीने १९३१ च्या कराची काँग्रेस अधिवेशनासाठी ध्वनिक्षेपक पुरवले, आणि पुढे स्वातंत्र्यचळवळीतल्या असंख्य सभांत तिचे कर्णे दिसू लागले. अंधेरी आणि घाटकोपर १९५० मध्ये, तर बोरिवली आणि मुलुंड १९५७ मध्ये मुंबई महापालिकेच्या हद्दीत आले. वस्ती वाढली तशी सार्वजनिक गणपती, सत्यनारायणाच्या पूजा, हळदी, शाळांची स्नेहसंमेलने वाढली, आणि मंडपवाल्याच्या जोडीला साउंडवाला हा नवा धंदेवाईक उभा राहिला. त्याच्याकडे एक अँप्लिफायर, दोन माईक आणि बांबूला बांधायचे कर्णे एवढेच भांडवल असे. थोड्या वॅटमध्ये दूरवर पोचणे हा कर्ण्याचा गुण. खर्ज त्याला जवळजवळ नसतो आणि आवाज टेलिफोनसारखा मधल्या पट्टीत कोंडलेला असतो. भाषणाला ते चालते, संगीताला नाही. शिवाय कर्ण्याचे तोंड नेहमी गर्दीकडे. स्टेजवरच्या माणसाला आपला आवाज लांबून, भिंतींवर आपटून, उशिरा ऐकू येई. हा दोष पुढची अनेक दशके टिकला, आणि या सगळ्या कहाणीचे मूळ तोच आहे.

विजेची गिटार मुंबईत चित्रपटसंगीताने रुजवली. लखनौहून आलेले व्हॅन शिप्ली चाळीस-पन्नासच्या दशकांत इथे विजेची हवाईयन गिटार वाजवू लागले. गोव्याच्या वादकांनी स्टुडिओतल्या वाद्यवृंदाला पाश्चात्त्य शिस्त दिली. ‘हरे रामा हरे कृष्णा’ (१९७१) मधली भूपिंदर सिंग यांची गिटार घराघरांत पोचली. ‘यादों की बारात’ (१९७३) आणि ‘कर्ज’ (१९८०) या चित्रपटांत तर नायकच स्टेजवर गिटार घेऊन उभा राहिला. त्यानंतर उपनगरातल्या प्रत्येक हौशी ऑर्केस्ट्रात गिटारवादक हवाच झाला. गणपतीच्या दहा दिवसांत आणि नवरात्रात या ऑर्केस्ट्रांना एकही रात्र मोकळी नसे.

पण गिटारवादकाने तार जोडायची कशाला? परदेशी अँप आयातबंदीच्या काळात दुर्मिळ आणि महाग. फेंडर किंवा मार्शल पाहायला मिळाला तरी भाग्य. कोलकात्यात बनलेली गिव्हसन गिटार, लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग जुळवून केलेला अँप्लिफायर, नाहीतर सरळ साउंडवाल्याच्या अहुजा अँप्लिफायरचे माईकचे भोक, असा बहुतेकांचा संसार होता. त्या भोकातून निघणारी गिटार कर्कश, कागद फाटल्यासारखी वाजे. वादकांनी याचा दोष आपल्या हाताला दिला, वाद्याला दिला. खरे कारण वेगळे होते. गिटारच्या अँपमधला बारा इंची स्पीकर साधारण ७५ हर्ट्झपासून ५,००० हर्ट्झपर्यंतच नीट बोलतो, त्याच्यावरचे सगळे गाळून टाकतो. ही उणीव नसून वाद्याचाच भाग आहे. सतारीला भोपळा तशी विजेच्या गिटारला ही पेटी. पूर्ण पल्ल्याच्या स्पीकरवर गिटार थेट सोडली की जे गाळले जायला हवे ते सगळे कानावर येते.

याच शहरात एका दुसऱ्या तारवाद्याने मात्र कर्ण्याशी छान जमवून घेतले. जपानमध्ये १९१२ साली नागोयाच्या गोरो मोरिता यांनी तैशोगोतो हे वाद्य बनवले. त्यातून आपल्याकडे बुलबुलतरंग आला, आणि पिकअप बसवून मुंबईच्या मिरवणुकांत तो ‘बेंजो’ झाला. हातगाडीवर जनरेटर आणि अँप्लिफायर, वर बांधलेले कर्णे, मागे ताशा-ढोल, आणि मध्ये बेंजोवाला. कोळीवाड्यांच्या हळदीपासून गणपती विसर्जनापर्यंत हा ताफा गाजला. रवी जाधव यांच्या २०१६ च्या ‘बँजो’ या चित्रपटाचा विषयच तो. कर्ण्याचा तिखट, नाकातला आवाज बेंजोने स्वतःचा मानला, म्हणून त्याला वेगळ्या स्पीकरची गरज पडली नाही. उपनगरातल्या विजेच्या तारवाद्यांचा इतिहास लिहिताना हे वाद्य वगळणे अन्यायाचे होईल.

वादकाने स्वतःला ऐकायचे कसे, हा प्रश्न जगभरचाच. १५ ऑगस्ट १९६५ ला न्यूयॉर्कच्या शी स्टेडियममध्ये सुमारे ५५,००० श्रोत्यांपुढे बीटल्स वाजवत होते, आणि गर्दीच्या कल्लोळात त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू येत नव्हता. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात वादकांकडे तोंड केलेले वेगळे स्पीकर स्टेजवर येऊ लागले, त्यांतून वेज घडली. आपल्याकडे मुख्य गायकापुढे एक मॉनिटर ही चैन बराच काळ चैनच राहिली. गिटारवादक, कीबोर्डवाला, ऑक्टापॅडवाला यांनी मिळेल ते ऐकायचे. नाट्यगृहात, म्हणजे मुलुंडच्या कालिदासमध्ये किंवा पार्ल्याच्या दीनानाथमध्ये, परिस्थिती बरी असे, कारण चार भिंती आणि कायमची यंत्रणा. मैदानातल्या मंडपात ती नव्हती.

नव्वदच्या दशकात आयातीचे दार उघडले. १ नोव्हेंबर १९९६ रोजी अंधेरीच्या क्रीडासंकुलात मायकेल जॅक्सनचा कार्यक्रम झाला, आणि जागतिक दर्जाचे स्टेज म्हणजे काय ते उपनगराने घराजवळ पाहिले. त्याहून खोल बदल मात्र त्याच सुमारास गाजावाजा न होता झाला. १९९५ मध्ये जेबीएलची इऑन आणि १९९९ मध्ये मॅकीची एसआरएम-४५० या प्लास्टिकच्या, पोटात अँप्लिफायर असलेल्या पेट्या बाजारात आल्या. तोवर साउंडवाला जड लाकडी बॉक्स वेगळे आणि पॉवर अँप्लिफायरचा रॅक वेगळा वाहत असे. कोणता अँप कोणत्या बॉक्सला जोडायचा हे चुकले की कॉइल जळे. आता जुळणी कारखान्यातच होऊन येऊ लागली. पुढे हलके डी-वर्गाचे अँप्लिफायर आले आणि बारा इंची पेटी साधारण १५ किलोंवर उतरली. गेल्या शतकाच्या मोठ्या गिटार अँपशी, उदाहरणार्थ सुमारे २९ किलोंच्या फेंडर ट्विन रिव्हर्बशी, ताडून पाहिले म्हणजे यातली सुटका कळते. लोकलच्या गर्दीत तो अँप चढवणे अशक्य. पेटी निदान मालडब्यातून नेता येते.

रॉक वाजवणाऱ्यांची वाट जरा वेगळी होती. धोबी तलावच्या रंगभवनात १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव भरू लागला, पवईच्या आयआयटीत ‘मूड इंडिगो’ महोत्सवाचे स्टेज होते. भाड्याचे मार्शल अँप तिथे मिळत, पण दर वेळी वेगळा, वेगळ्या झिजेचा. नंतर रंगभवन शांतता क्षेत्रात गणले गेले आणि तिथला खुला आवाज थांबला. इंडिपेंडन्स रॉकही पुढे अंधेरीच्या चित्रकूट मैदानावर आला.

ध्वनिप्रदूषणाचे नियम फेब्रुवारी २००० मध्ये लागू झाले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा, रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद, आणि जुलै २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. वर्षातले मोजके दिवस, जास्तीत जास्त पंधरा, राज्य सरकार मध्यरात्रीपर्यंत सवलत देऊ शकते. या नियमांनी ऑर्केस्ट्रावाल्यांचे उत्पन्न घटवले हे खरे, पण वस्तीतल्या आजाऱ्यांना आणि परीक्षेच्या मुलांना झोप दिली, आणि ते योग्यच झाले. गिटारवादकावर याचा परिणाम थेट होता. निर्वात नळ्यांचा (ट्यूब) अँप आवाज चढवल्याशिवाय रंगात येत नाही, आणि आता चढवायला जागाच उरली नाही, ना स्टेजवर, ना वन-रूम-किचनच्या घरात.

डिजिटल यंत्रांनी नेमकी ही अडचण सोडवली. रोलंडचे व्हीजी-८ (१९९५), लाइन सिक्सचा पॉड (१९९८), फ्रॅक्टलचा अॅक्स-एफएक्स (२००६), केम्परचा प्रोफायलर (२०११), लाइन सिक्सचा हेलिक्स (२०१५) हे त्यातले टप्पे. अँप, स्पीकरची पेटी आणि तिच्यापुढचा माईक या तिन्हींचे गणित यंत्रच करते, म्हणजे ते वरचे गाळणेही यंत्रातच होते. घरी हेडफोनवर रात्री दोन वाजताही सराव करता येतो. उपनगरातल्या वादकाने अँप सोडला तो फॅशन म्हणून नाही. लोकल, पातळ भिंती आणि रात्री दहाची वेळ या तिघांनी मिळून त्याला तिथवर आणले.

पण यंत्राबरोबर जुना प्रश्न परत आला. अँप होता तेव्हा वादकाच्या पाठीमागे निदान काहीतरी वाजत असे. आता आवाज सरळ मिक्सरला जातो, आणि वादकाच्या पायाशी साउंडवाल्याची वेज उरते, जिचा वरचा ड्रायव्हर कधीचा गेलेला असू शकतो. घरी गोड वाटलेला आवाज तिच्यात घोंगडीखालून आल्यासारखा येतो, आणि वादक घाईघाईने टीप वाढवतो, ती मात्र बाहेर श्रोत्यांच्या कानाला झोंबते. स्वतःची पेटी बाळगायचे कारण हेच. चांगल्या यंत्राला दोन वेगळे आउटपुट असतात. एक मिक्सरला द्यावा, दुसरा आपल्या पेटीला. मग आपला आवाज कमी-जास्त केला तरी श्रोत्यांचा बिघडत नाही.

निवडताना वॅटच्या आकड्याने सर्वाधिक फसगत होते. जाहिरातीतले १,००० किंवा २,००० वॅट बहुतेक वेळा क्षणिक शिखराचे असतात, आणि वॅट दुप्पट झाले तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. पाहायचा तो कमाल आवाजाचा डेसिबल आकडा, आणि त्याहूनही, मोठ्या आवाजात मधली पट्टी फुटत नाही ना हे. ड्रम नसलेल्या छोट्या कार्यक्रमाला आठ किंवा दहा इंची पेटी पुरते. ड्रमच्या शेजारी उभे राहायचे असेल तर बारा इंची बरी. खालचा आणि वरचा स्पीकर एकाच अक्षावर बसवलेली पेटी वेज म्हणून जवळून ऐकायला सोयीची, कारण वादक दोन पावले सरकला तरी आवाजाचा रंग बदलत नाही. पेटी अशी हवी की ती तिरकी ठेवता येईल; उभी ठेवली तर सगळा आवाज पोटऱ्यांना ऐकू जातो.

आपल्या मंडपांची स्वतःची एक अट आहे, ती परदेशी पुस्तिकांत सापडत नाही. तात्पुरत्या जोडणीचे किंवा जनरेटरचे अर्थिंग भरवशाचे नसते, आणि लाइटच्या तारा साउंडच्या तारांना घासून गेलेल्या असतात. ५० हर्ट्झची घुंई तिथूनच येते. त्यासाठी एक्सएलआर इनपुट आणि ग्राउंड तोडण्याचे बटण असलेली पेटी किंवा डीआय बॉक्स हवा. घुंई थांबवायला प्लगची अर्थची पिन मोडणे ही इथली जुनी सवय जिवावर बेतू शकते. ती कधीही करू नये. विजेचा दाब वरखाली होतो, म्हणून १०० ते २४० व्होल्टमध्ये चालणारी पेटी घ्यावी. नातेवाइकाने अमेरिकेतून पाठवलेले फक्त ११० व्होल्टचे यंत्र २३० वर लावून जळाल्याचे प्रसंग या शहरात थोडके नाहीत.

एवढे होऊनही पहिल्या कार्यक्रमात आवाज बटबटीत वाटतो, कारण कान मोठ्या आवाजात खर्ज आणि टीप जास्त ऐकतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी हे १९३३ मध्येच मोजून दाखवले आहे. पातळ भिंतींच्या घरात हळू आवाजात जुळवलेला सूर स्टेजवर म्हणूनच गुबगुबीत होतो. जमिनीवर ठेवलेली पेटी खर्ज आणखी फुगवते. यंत्रातला खर्ज साधारण १०० हर्ट्झच्या खाली कापला आणि टीप थोडी उतरवली की बहुतेक वेळा काम होते; नवी पेटी घ्यावी लागत नाही.

घेताना दुकानातल्या गिटारवर आणि दुकानातल्या यंत्रावर निर्णय करू नये. आपली गिटार, आपले यंत्र आणि आपले दोन-तीन नेहमीचे सूर घेऊन जावे, पेटी जमिनीवर तिरकी ठेवावी, उभे राहून स्टेजच्या आवाजात वाजवावे, आणि तोच सूर एकदा हेडफोनवर ऐकावा. दोन्हींत फरक कमी तेवढी पेटी खरी. आणि कार्यक्रमाला निघताना पेटीइतकेच कानांचे बोळेही आठवणीने बरोबर घ्यावेत.