जुनी देवळे, नवा धर्म : तडजोडीचा भार कोणी वाहिला?

एखादा समाज आपला धर्म बदलतो तेव्हा त्याच्या जुन्या श्रद्धांचे काय होते, हा धर्मेतिहासातील एक मूलभूत प्रश्न आहे. नवा धर्म स्वीकारला म्हणून पिढ्यान्‌पिढ्यांचे सण, पवित्र मानलेली झाडे आणि झरे, जन्ममृत्यूचे विधी एका दिवसात विसरले जात नाहीत. अशा वेळी धर्मप्रसारकांपुढे दोन मार्ग असतात. जुने ते सर्व समूळ उखडून टाकणे हा एक, आणि जुन्यास नवा अर्थ देऊन त्यास आत घेणे हा दुसरा. युरोपात ख्रिस्ती धर्म पसरला तेव्हा हे दोन्ही मार्ग चोखाळले गेले. प्रस्तुत लेखात आम्ही दुसऱ्या मार्गाचा, म्हणजे समेटाच्या मार्गाचा विचार करणार आहोत. तो वरकरणी सौम्य आणि शहाणपणाचा दिसतो. परंतु त्याची पारख कोणत्या कसोटीवर करावी, हा प्रश्न धर्मांतरित समाजातील वाचकांस परका नाही.

प्रथम एका शब्दाचा खुलासा केला पाहिजे. ज्यांना इतिहासग्रंथांत ‘पेगन’ म्हटले जाते त्या लोकांनी स्वतःस ते नाव कधी घेतले नव्हते. ‘पॅगानस’ या लॅटिन शब्दाचा एक जुना अर्थ खेड्यात राहणारा असा आहे. पुढे ख्रिस्ती लेखकांनी तो अख्रिस्ती मनुष्यास लावला. म्हणजे हे नाव विजयी धर्माने पराभूत श्रद्धांना दिलेले आहे. इंग्लंडमध्ये येऊन वसलेल्या अँग्लो-सॅक्सन टोळ्या वोडन, थुनोर, टिव, फ्रिग इत्यादी देवतांना भजत असत. त्यांचा धर्मग्रंथ नाही. त्यांच्याविषयी आपणांस जे कळते ते मुख्यतः स्थळनामांवरून, थडग्यांवरून आणि ख्रिस्ती भिक्षूंच्या लेखनावरून. बीड या भिक्षूने इ. स. ७३१ मध्ये पूर्ण केलेला इंग्लंडच्या चर्चचा इतिहास हे यातील प्रमुख साधन होय. ज्यांचा इतिहास इतरांनी लिहिला अशा समाजांची साधने किती सावधपणे वाचावी लागतात, हे आम्ही येथे निराळे सांगावयास नको.

इ. स. ५९७ मध्ये रोमचा पोप पहिला ग्रेगरी याने पाठविलेला ऑगस्टीन आपल्या सहकाऱ्यांसह केंटच्या किनाऱ्यावर उतरला. केंटचा राजा एथेलबर्ट जुन्या धर्माचा होता. मात्र त्याची राणी बर्था ही फ्रँक राजघराण्यातील ख्रिस्ती कन्या होती आणि कँटरबरी येथे तिच्या उपासनेसाठी एक चर्च वापरात होते. राजाने नवा धर्म स्वीकारला. त्यानंतर ६०१ साली ग्रेगरीने लिहिलेली दोन पत्रे बीडने जतन केली आहेत आणि ती परस्परविरुद्ध आहेत. राजास लिहिलेल्या पत्रात मूर्तिपूजा दडपून टाकावी आणि देवळे पाडावीत असा उपदेश आहे. महिन्याभरातच मेलिटस या धर्मगुरूस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात मात्र पोपने विचार बदललेला दिसतो. देवळे पाडू नयेत. फक्त आतील मूर्ती नष्ट कराव्यात. वास्तूवर पवित्र जल शिंपडून तेथे वेदी उभारावी आणि संतांचे अवशेष ठेवावेत, असे तो सुचवितो. लोक बैल मारून देवतांना बळी देतात. तो दिवस त्यांच्याकडून हिरावून घेऊ नये. चर्चभोवती फांद्यांचे मांडव घालून त्यांनी हुतात्म्यांच्या स्मरणदिनी मेजवानी करावी, म्हणजे पशू मारला जाईल तो सैतानासाठी नव्हे, तर देवाचे आभार मानून खाण्यासाठी. परिचित जागी लोक सहज येतील आणि माणसे टप्प्याटप्प्यानेच वर चढतात, असा त्याचा युक्तिवाद आहे.

हे पत्र समेटाच्या धोरणाचा आद्य दस्तऐवज म्हणून नेहमी दाखविले जाते. प्रत्यक्षात जुन्या देवळाचे चर्च झाल्याचा पुरातत्त्वीय पुरावा इंग्लंडमध्ये फार थोडा मिळाला आहे. तरीही पत्राचे महत्त्व कमी होत नाही, कारण त्यात एक स्पष्ट रेषा आखलेली आहे. जागा, दिवस आणि मेजवानी राहू द्यावी. मूर्ती आणि तिच्यासाठी दिला जाणारा बळी राहू देऊ नये. आवरण जुने आणि आशय नवा, असे त्याचे सूत्र सांगता येईल.

लोकांनी ही रेषा मानली काय? ईस्ट अँग्लियाचा राजा रेडवाल्ड याची हकिकत या दृष्टीने उद्बोधक आहे. त्याने केंटमध्ये बाप्तिस्मा घेतला. परंतु घरी परतल्यावर पत्नीच्या आणि सल्लागारांच्या सांगण्यावरून त्याने एकाच देवळात दोन वेद्या ठेवल्या. एक ख्रिस्तासाठी आणि दुसरी, लहानशी, जुन्या देवतांच्या बळींसाठी. बीड याचा तीव्र शब्दांत निषेध करतो. त्याच राज्याचा पुढील काळातील राजा एल्डवुल्फ याने ते देऊळ लहानपणी स्वतः पाहिल्याचे सांगितले होते, अशीही नोंद तो करतो. १९३९ मध्ये सटन हू येथे उत्खननात एक राजेशाही नौका-दफन सापडले. ते रेडवाल्डचे असावे असे अनेक विद्वानांचे मत आहे. जुन्या रीतीने नौकेत पुरलेल्या त्या संपत्तीत क्रुसाचे चिन्ह असलेली चांदीची भांडी होती. भिक्षूच्या दृष्टीने हा धर्मद्रोह होता; राजाच्या दृष्टीने कदाचित ती दोन शक्तींशी राखलेली सलोख्याची व्यवस्था होती.

उपदेशाने जे झाले नाही ते पुढे कायद्याने केले गेले. ६४० ते ६६४ या काळात राज्य करणारा केंटचा राजा अर्कनबर्ट याने आपल्या राज्यातील मूर्ती नष्ट करण्याचा हुकूम काढला. असे करणारा तो पहिला इंग्रज राजा, असे बीड म्हणतो. म्हणजे ऑगस्टीनच्या आगमनानंतर निदान चार दशके मूर्ती उभ्या होत्या. तरीही जुन्याचे काही अंश भाषेत राहूनच गेले. इंग्रजी ट्यूज्डे, वेन्सडे, थर्सडे आणि फ्रायडे या वारांत टिव, वोडन, थुनोर आणि फ्रिग ही नावे आजही आहेत. येशूच्या पुनरुत्थानाच्या सणास इंग्रजीत ईस्टर म्हणतात. हे नाव ईओस्त्रे या देवतेच्या महिन्यावरून आले, असे स्वतः बीडनेच लिहून ठेवले आहे. या अवशेषांनी कोणाचे नुकसान झाले नाही. शुक्रवारी कामावर जाणारा इंग्रज मजूर फ्रिगला नवस करीत नाही.

परंतु प्रत्येक तडजोड इतकी निरुपद्रवी नसते. आइसलँडचे उदाहरण पाहा. तेथे इ. स. १००० च्या सुमारास (काही अभ्यासक ९९९ हे वर्ष मानतात) अल्थिंग या देशाच्या सभेत ख्रिस्ती आणि जुन्या धर्माचे लोक समोरासमोर आले. नॉर्वेचा राजा ओलाफ ट्रिग्वासन याचे दडपण होते आणि यादवीची भीती होती. निर्णय थोरगेर या कायदेवक्त्यावर सोपविण्यात आला. तो स्वतः जुन्या धर्माचा होता. एक दिवस आणि एक रात्र तो अंगावर घोंगडे ओढून पडून राहिला आणि मग त्याने निवाडा दिला : कायदा दुभंगला तर शांतताही दुभंगेल, म्हणून सर्वांनी बाप्तिस्मा घ्यावा. मात्र तीन सवलती ठेवण्यात आल्या. घोड्याचे मांस खाण्यास हरकत नव्हती. गुप्तपणे बळी देता येत होता, साक्षीदार मिळाले तरच शिक्षा होती. आणि नको असलेली अर्भके उघड्यावर टाकून देण्याचा जुना कायदा तसाच राहिला. बाराव्या शतकातील इतिहासकार आरी थोरगिल्सन ही हकिकत देतो आणि थोड्याच वर्षांत या सवलती रद्द झाल्याचेही सांगतो.

या निवाड्याने रक्तपात टळला, म्हणून त्याची वाखाणणी केली जाते आणि ती अयोग्य नाही. परंतु आम्हांस येथे तिन्ही सवलती एका तागडीत घालता येत नाहीत. घोड्याचे मांस हा खाण्याचा प्रश्न होता. अर्भक टाकून देणे हा जीविताचा प्रश्न होता. सभेत सत्ता सरदारांची होती. ज्यांच्या जिवावर ही सवलत दिली गेली त्या अर्भकांस तेथे आवाज नव्हता. समेट झाला तो बोलू शकणाऱ्या दोन पक्षांत. त्याचा भार तिसऱ्यानेच वाहिला.

हेच सूत्र सहाशे वर्षांनंतर आपल्या देशात दिसते. १६०६ मध्ये मदुरा येथे आलेला इटालियन जेझुइट रॉबर्टो दे नोबिली याने संन्याशाचा वेष घेतला, तमिळ आणि संस्कृत भाषा आत्मसात केल्या आणि आधीच्या मिशनपासून, ज्यात परवर जातीचे ख्रिस्ती होते, स्वतःस दूर ठेवले. उच्चवर्णीयांनी जानवे, शेंडी आणि गंध राखून ख्रिस्ती व्हावे, ही केवळ सामाजिक चिन्हे आहेत, असे त्याचे म्हणणे होते. १६२३ मध्ये पोप पंधरावा ग्रेगरी याने यास परवानगी दिली. उच्चकुलीनांनी खालच्यांचा तिरस्कार करू नये, अशी विनवणीही त्या आज्ञापत्रात आहे. परंतु विनवणी कागदावर राहिली आणि जानवे अंगावर राहिले. पुढे उच्चवर्णीयांसाठी आणि खालच्या मानलेल्या जातींसाठी निरनिराळे धर्मोपदेशक नेमले गेले. १७४४ च्या पोपच्या निर्णयाने अनेक चालींना बंदी केली, तरी परैयरांसाठी वेगळे मिशनरी ठेवण्याची योजना मान्यच झाली. एकोणिसाव्या शतकात तमिळ प्रदेशातील वडक्कनकुळम येथे तर जातीजातींसाठी दोन स्वतंत्र दालने असलेले चर्च बांधले गेले; त्यातील विभाजक भिंत १९१० मध्ये पाडण्यात आली.

दे नोबिलीने जानव्यास मेजवानीच्या मांडवासारखे मानले. मांडव काढला तर फक्त सावली जाते. जानव्याबरोबर मात्र वर कोण आणि खाली कोण याची सगळी उतरंड आत आली. धर्मांतरितांत जातिभेद का टिकला, या प्रश्नाचा परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी सखोल विचार केला होता. महाराष्ट्र शासनाने १९८९ मध्ये प्रकाशित केलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखनाच्या पाचव्या खंडात हे विवेचन आहे.

समेट बौद्ध परंपरेसही अपरिचित नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यात हारीतीची मूर्ती आहे. कथेप्रमाणे ही यक्षिणी इतरांची मुले खात असे. तथागतांनी तिचे धाकटे मूल लपविले. स्वतःच्या दुःखातून तिला इतर मातांचे दुःख कळले आणि ती बालकांची रक्षक झाली. लोकांची जुनी देवता येथे सामावून घेतली गेली, परंतु मुले खाणे सोडल्यानंतरच. आइसलँडच्या निवाड्याशी हिची तुलना वाचकांनी अवश्य करावी.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे दिलेल्या बावीस प्रतिज्ञांचा अर्थ या पार्श्वभूमीवर अधिक स्पष्ट होतो. जुन्या देवतांची पूजा, श्राद्ध आणि पिंडदान, ब्राह्मणाकरवी क्रियाकर्म या गोष्टी तेथे नावानिशी नाकारल्या गेल्या आणि त्यांच्या लगतच मनुष्यमात्राच्या समानतेची प्रतिज्ञा ठेवली गेली. पायरीपायरीने चढण्याचा ग्रेगरीचा सल्ला येथे लागू नव्हता, कारण येथे प्रत्येक पायरीवर कोणी ना कोणी खाली ठेवलेला होता. पण आपल्या आयाबहिणींनी जात्यावरची ओवी टाकून दिली नाही. त्याच चालीत त्या भीमाचे आणि बुद्धाचे गाणे गाऊ लागल्या. यात कोणाची मान खाली जात नाही.

म्हणून जुने काही उरले आहे काय, एवढ्याच प्रश्नावर धर्मांतराची परीक्षा करू नये, असे आम्हांस वाटते. उरलेल्याचा भार कोणावर पडतो, हे पाहावे. आपल्या घरांत आणि वस्त्यांत जी जुनी चाल अजून चालू असेल, तिला हाच प्रश्न विचारून पाहावा आणि उत्तर मिळेल त्याप्रमाणे ती ठेवावी किंवा सोडावी.