उणे उजनी

गोष्ट २०१३ची, मी तेव्हा दहावीत. उजनी 'उणे' झालेली, म्हणजे ११७ टीएमसीच्या धरणात मृतसाठाच, तोही घटत चाललेला. सोलापूरचे शेतकरी प्रभाकर देशमुख पाण्यासाठी मुंबईत आझाद मैदानावर पन्नासहून अधिक दिवस उपोषणाला बसलेले. त्यावर एप्रिलमध्ये इंदापूर तालुक्यातल्या सभेत उपमुख्यमंत्री अजित पवारांनी विचारलं, धरणात पाणीच नाही, तर लघवी करायची का? मग माफी आली. १४ एप्रिलला कऱ्हाडात यशवंतरावांच्या समाधीपाशी दिवसभराचं उपोषणही झालं.

आमच्या आज्ज्याचं शेत याच धरणात गेलेलं. बातमी बघून तो एवढंच म्हणाला, "पाणी नव्हतं, खरं हाय. पर गेलं कुठं, ह्ये तरी सांगायचं की."