रत्नागिरीला राहायला जायचंय?

आयटीतली चार माणसं चहाच्या टपरीवर उभी करा, पाचव्या मिनिटाला कोकणाचा विषय निघतोच. "बस झालं हे हिंजवडी. रत्नागिरीकडे छोटंसं घर घ्यायचं, जांभ्या दगडाचं. समोर समुद्र, मागे आंब्याची चार झाडं, चार महिने धो धो पाऊस. लॅपटॉप काय, कुठेही चालतो."

२०२० नंतर, घरून काम जमतंय हे कळल्यापासून, हे बोलणं स्वप्नातून एक्सेल शीटमध्ये उतरलंय. अशी एक शीट आमच्याही घरी आहे. डावीकडे गावांची नावं, वरच्या ओळीत अटी. समुद्र दिसला पाहिजे. पाऊस भरपूर हवा. गर्दी नको. रोज उठून कुणी भेटायला येणार नाही इतकं लांब हवं.

ही शीट बघितली की मला थिबा राजा आठवतो. कारण साधारण याच गुणांवरून रत्नागिरीची निवड एकदा होऊन गेली आहे. फरक एवढाच, की निवडणारे वेगळे होते आणि राहायला जाणारा वेगळा.

थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा. नोव्हेंबर १८८५ मध्ये इंग्रजांनी जेमतेम पंधरा दिवसांच्या लढाईत त्याची राजधानी मंडाले घेतली. राजा तेव्हा २६ वर्षांचा होता. त्याला आणि राणी सुपयालतला बैलगाडीत बसवून नदीवरच्या बोटीकडे नेलं. मग रंगून, तिथून मद्रास, आणि एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरी. पदच्युत राजाला समुद्रापलीकडे नेऊन ठेवायचं हा इंग्रजांचा जुना खाक्या. १८५८ मध्ये बहादूरशहा जफरला दिल्लीहून रंगूनला पाठवलं होतं. आता रंगूनकडून एक राजा आपल्याकडे आला.

पण रत्नागिरीच का? सरकारी टेबलावर बसून बघा म्हणजे कळेल. रेल्वे नाही. पाठीशी सह्याद्री, घाट उतरायचा म्हणजे दिवसच्या दिवस मोडायचे. सोयीचा रस्ता म्हणजे समुद्र, आणि तोही पावसाळ्यात बंद, कारण जून लागला की आगबोटी थांबायच्या. नारळी पौर्णिमा होईपर्यंत आपल्याकडचे कोळीसुद्धा दर्यात होडी घालत नाहीत, तिथे राजाला पळवून न्यायला कोण येणार? आणि एवढं आडबाजूला असूनही जिल्ह्याचं ठिकाण असल्यामुळे कलेक्टर आणि पोलीस हाताशी. थोडक्यात काय, तर आपण ज्याला 'शांत' म्हणतो त्याला सरकार 'सुरक्षित' म्हणत होतं. दोन्हीची रिक्वायरमेंट एकच!

बरं, राजाचे हाल केले म्हणावं तर तसंही नाही. त्याला पेन्शन होती, नोकरचाकर होते. आधी भाड्याच्या बंगल्यांत ठेवलं, मग १९१० मध्ये नवा राजवाडा बांधून झाला. तोच आजचा थिबा पॅलेस. रत्नागिरीला गेलेल्या प्रत्येकाने तो बघितलेला असतो : उंचावर, जांभ्याचा, अर्धगोल खिडक्यांचा, ऐसपैस. तिथून जवळच्या थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी आणि पलीकडचा समुद्र असा दिसतो की माणूस दहा मिनिटं बोलत नाही. कुठल्याही बिल्डरने ब्रोशरच्या पहिल्या पानावर छापावा असा देखावा.

आणि हा माणूस आला होता कुठून? मंडाले हे ब्रह्मदेशाच्या कोरड्या पट्ट्यातलं गाव. तिथला वर्षाचा पाऊस साधारण आपल्या पुण्याच्या जवळपास जाणारा, म्हणजे हजार मिलिमीटरच्या आतच. रत्नागिरीत तो तीन हजारांच्या वर जातो. पुण्यातून तिकडे गेलेल्या माणसाला पहिल्या जुलैत जे वाटतं (कपडे वाळत नाहीत, पापड मऊ, चामड्याच्या पट्ट्याला बुरशी) ते त्याला तीस वर्षं मिळालं. परत जाऊ द्या म्हणून त्याने सरकारकडे मागणं केलं, उपयोग झाला नाही. पैसे पुरेनात तेव्हा बरोबर आणलेले हिरेमाणकं एकेक करून विकली गेली, कर्जं झाली. डिसेंबर १९१६ मध्ये तो रत्नागिरीतच वारला. नव्या राजवाड्यात त्याला सहाच वर्षं मिळाली.

याला जोडून एक गोष्ट सांगतो, ती मला फार विलक्षण वाटते. लोकमान्य टिळकांचा जन्म रत्नागिरीचा, २३ जुलै १८५६. दहाव्या वर्षी, १८६६ मध्ये, वडिलांच्या बदलीमुळे ते पुण्याला आले. १९०८ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षांची शिक्षा झाली आणि सरकारने त्यांना पाठवलं ते मंडालेला. म्हणजे मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीत जन्मलेला पुढारी मंडालेत! थिबाचा राजवाडा पुरा झाला त्या १९१० च्या हिवाळ्यात टिळक मंडालेच्या तुरुंगात 'गीतारहस्य' लिहीत होते. दोन्ही गावांनी कुणाचं काही वाईट केलेलं नव्हतं. सरकारला ती वापरता येत होती ती फक्त एका कारणाने : ज्याला तिथे पाठवायचं त्याचं तिथे कुणी नव्हतं.

पुढेही रत्नागिरीचा हा उपयोग थांबला नाही. १९२४ मध्ये सावरकरांना येरवड्याहून सोडलं ते रत्नागिरी जिल्ह्याबाहेर जायचं नाही आणि राजकारण करायचं नाही या अटींवर. ती बंधनं उठली १९३७ मध्ये.

आता नाण्याची दुसरी बाजू. बाहेरची माणसं अशी आणून ठेवली जात होती तेव्हा तिथे जन्मलेली काय करत होती? तर मिळेल त्या वाटेने बाहेर पडत होती. ही रीत जुनीच. बाळाजी विश्वनाथ भट श्रीवर्धनचे. ते घाट चढून वर आले आणि १७१३ मध्ये पेशवे झाले. पुणे पुढे मोठं झालं त्याचं मूळ एका कोकणी स्थलांतरात आहे. धोंडो केशव कर्वे दापोलीजवळच्या मुरूडचे. सतराव्या वर्षी परीक्षेसाठी ते मित्रांबरोबर घाट ओलांडून साताऱ्यापर्यंत चालत गेले, शंभरावर मैल. तिथे साहेब म्हणाले, तू वयाने लहान दिसतोस. परीक्षेला बसूच दिलं नाही. ज्या मुरूडच्या किनाऱ्यावर आपण शनिवार-रविवारचं बुकिंग करतो, तिथल्या मुलाला साध्या परीक्षेसाठी एवढी पायपीट होती.

मग मुंबईत गिरण्या निघाल्या आणि घरटी एक माणूस चाकरमानी झाला. गावात म्हातारे, बायका, पोरं आणि महिन्याची मनीऑर्डर. हे सगळं इतिहासजमा झालंय असंही नाही. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११०० च्या वर बायका होत्या. आणि २००१ ते २०११ या दहा वर्षांत पुणे फुगत असताना रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या चक्क घटली, सुमारे १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर. आपल्याला ज्या गावाची 'गर्दी नाही' म्हणून ओढ वाटते, तिथे गर्दी का नाही याचं उत्तर या आकड्यात आहे. तिथली गर्दी हिंजवडीत आणि डोंबिवलीत राहते.

या सगळ्यात रत्नागिरी स्वतःहून निवडणारं एक माणूस मात्र सापडतं, आणि ते थिबाच्याच घरातलं. त्याची थोरली मुलगी. बापाच्या वाड्यावर नोकरीला असलेल्या गोपाळ सावंत या माणसावर तिचं प्रेम बसलं, त्यांना मुलगी झाली, टूटू. १९१९ मध्ये राजघराण्याला ब्रह्मदेशात परत जायची परवानगी मिळाली, सगळे गेले, तीही गेली. आणि मग लेकीला घेऊन पुन्हा रत्नागिरीला आली. गरिबीत राहिली, १९४७ मध्ये तिथेच गेली. टूटू तर पुरती रत्नागिरीकर झाली. तिचं सगळं आयुष्य मराठीत गेलं, ते २००० सालापर्यंत. बापाला राजवाडा आणि समुद्र असून ते गाव तुरुंग होतं. लेकीला राजवाडा नव्हता, पण गावात आपलं म्हणावं असं माणूस होतं.

असो. आज परिस्थिती बदलली आहे हे खरंच. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. आगबोटीची वाट बघायला नको. पण पावसाळ्यात त्या रेल्वेचंही वेळापत्रक वेगळं असतं, गाड्या जपून हाकाव्या लागतात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने श्रीवर्धन-दापोली पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. त्या बागा पुन्हा उभ्या राहायला वर्षं लागतात. जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं, रेल्वे आणि महामार्ग दोन्ही अडले. अशा दिवशी शेजारच्या काकू दूध-भाकरी पाठवतील की नाही, हे आपल्या शीटमध्ये कुठे आहे?

म्हणून बायकोशी बोलून आमच्या शीटमध्ये दोन रकाने वाढवले आहेत. एक : 'या गावात आपलं कोण आहे?' इथे दलालाचं नाव चालणार नाही. दोन : 'आपण तिथे गेल्याने तिथल्या एखाद्या पोराला पुण्याला यायची गरज कमी पडेल का?' मग ते दोन मुलांना काम शिकवणं असो, नाहीतर हाताखाली कुणाला नोकरी देणं असो.

सध्या सगळ्या गावांसमोर हे दोन्ही रकाने रिकामे आहेत. ते भरायला येत्या जुलैत महिनाभर भाड्याने राहून बघायचं ठरलंय. ऑक्टोबरात नाही, जुलैतच. समुद्र दिसणारी खोली मिळाली नाही तरी हरकत नाही. शेजार बरा हवा.