पृष्ठवंशाची सीमारेषा

कोळीण दारीं आली म्हणजे तिच्या टोपलींत पापलेट, बांगडा, कोळंबी आणि माकूल हीं सारीं शेजारीं शेजारीं असतात, आणि घरांतील मंडळी या सर्वांना बिनदिक्कत मासळी म्हणतात. विळीपाशीं मात्र निराळा न्याय लागू होतो. पापलेटाच्या अंगांत मणक्यांचा कांटा हटकून लागतो. कोळंबीचें कवच सोललें कीं आंत हाड म्हणून कांहीं उरत नाहीं. प्राणिसृष्टीची जी पहिली मोठी वांटणी आज शाळेंतील मुलांना शिकवितात, ती हीच. इतकी उघड गोष्ट शास्त्राच्या पायाशीं बसण्यास अठराव्या शतकाची अखेर यावी लागली, आणि ती बसली न बसली तोंच तिच्यावरून दोन जिवलग मित्रांत कायमचें वितुष्ट आलें, ही हकीकत वाचकांना मनोरंजक वाटेल.

आपल्याकडे जीवांची जुनी विभागणी जन्मावरून होत असे. जरायुज, अंडज, स्वेदज आणि उद्भिज्ज हे चार प्रकार उपनिषदांपासून आपल्या कानांवर आहेत. या हिशेबानें साप, मासा आणि पोपट हे एका कोटींत येतात, आणि गाय त्यांच्यापासून दूर राहते. ग्रीक लोकांत अॅरिस्टॉटलनें जन्माऐवजीं रक्ताकडे पाहिलें. तांबडें रक्त असलेले ते एका बाजूला व नसलेले दुसऱ्या बाजूला, अशी त्याची वांटणी होती. आणि या रक्तवान प्राण्यांना सर्वांनाच पाठीचा कणा असतो, हेंहि त्यानें लिहून ठेविलें होतें. हातीं आलेली किल्ली कुलुपाला न लावतां खुंटीला टांगून ठेवावी, तसा हा प्रकार झाला. पुढें सुमारें दोन हजार वर्षांनीं लिनियसनें प्राण्यांचे सहा वर्ग पाडले. सस्तन, पक्षी, उभयचर व मासे हे चार वर्ग त्यानें निगुतीनें लाविले, आणि बाकी राहिलेली अफाट सृष्टि 'कीटक' व 'कृमि' अशा दोन पोत्यांत कोंबली.

हीं दोन पोतीं सोडण्याचें काम ज्याच्या वांट्यास आलें, त्यानें तें मागितलें नव्हतें. १७९३ सालीं, राज्यक्रांतीच्या ऐन धुमश्चक्रींत, पॅरिसमधील राजाचा बगीचा मोडून तेथें सृष्टिविज्ञानाचें राष्ट्रीय संग्रहालय स्थापन झालें व बारा अध्यापक नेमण्यांत आले. लामार्क हा वनस्पतिशास्त्रज्ञ. वय पन्नाशीला टेकलेलें. वनस्पतींच्या जागा भरल्या होत्या, म्हणून त्याला कीटक व कृमि दिले गेले. ज्योफ्रवा सेंट-हिलेर या अवघ्या एकवीस वर्षांच्या तरुणाला चतुष्पाद व पक्षी मिळाले. ज्याला आपण पाट्या टाकणें म्हणतों, तें लामार्कनें केलें असतें तरी त्याला कोणी नांवें ठेविलीं नसतीं. पण त्यानें पोतीं रिकामीं केलीं, आंतील जिन्नस निवडले, आणि व्याख्यानांत सांगूं लागला कीं, खरा भेद कण्याचा आहे. एका बाजूला पृष्ठवंशीय व दुसऱ्या बाजूला अपृष्ठवंशीय. १८०१ सालीं याच नांवाखालीं त्याचा ग्रंथ निघाला. नांव सोयीचें खरें, पण थोडें चमत्कारिकहि आहे. आज ज्ञात असलेल्या प्राण्यांच्या जातींपैकीं कणा असलेल्या जाती सुमारें ७०,००० आहेत, म्हणजे शंभरांत पांचसुद्धां नाहींत. आणि उरलेल्या सर्वांना त्यांच्याजवळ काय नाहीं यावरून आपण ओळखतों! आपण स्वतः त्या मूठभरांत बसतों म्हणूनच हें आपल्याला खटकत नाहीं.

या मूठभरांची ओळख येथें थोडक्यांत करून घ्यावी. मासे, उभयचर, सरीसृप, पक्षी आणि सस्तन हे त्यांचे रूढ वर्ग. यांत निम्म्या जाती एकट्या माशांच्या. कणा सर्वत्र हाडाचाच असतो असेंहि नाहीं. मुशीचा कणा कूर्चेचा असतो. सामान्य बेडकाला जेमतेम ९ मणके व त्यांपुढें एक लांब हाड, तर मोठ्या अजगराला ३०० हून अधिक मणके. माणसाचें मूल ३३ मणके घेऊन येतें, आणि खालचे मणके जुळून मोठेपणीं २६ हाडें उरतात. सर्वांत नवल मानेचें आहे. जिराफाची मान, देवमाशाची मान आणि तुमची आमची मान यांत मणके सातच. दोनतीन अपवाद वगळले तर सर्व सस्तन प्राण्यांत हा सातांचा आंकडा ढळत नाहीं. उंटाला लांब मान हवी तर मणके वाढवावे, हा साधा उपाय सोडून सृष्टीनें तेच सात मणके ताणले. असें कां?

ज्योफ्रवाच्या मनाला हाच प्रश्न लागून राहिला. १७९५ सालीं त्यानें खेड्यांत शिकवणी करणाऱ्या एका होतकरू शास्त्रज्ञाला पॅरिसला बोलावून घेतलें. हाच पुढें जगद्विख्यात झालेला क्यूव्हिए. दोघे एकत्र राहिले, दोघांनीं मिळून निबंध लिहिले. पण बुद्धीचा पिंड निराळा होता. क्यूव्हिए प्रत्येक अवयव कोणत्या कामासाठीं आहे तें पाही. ज्योफ्रवा तो कोणाच्या शेजारीं आहे तें पाही. हात पोहो, उडो कीं खणो, त्यांतील हाडांचा शेजार बदलत नाहीं, अतएव सर्व पृष्ठवंशीयांचा आराखडा एक, असें त्याचें म्हणणें. येथपर्यंत क्यूव्हिएचा फारसा विरोध नव्हता. परंतु १८१२ सालीं त्यानें प्राण्यांचे चार महाविभाग पाडले व त्यांच्यामध्यें कोणताहि पूल नाहीं असें बजाविलें. ज्योफ्रवा नेमका पूल बांधूं पाहत होता. १८२२ सालीं त्यानें शेवंडाच्या जातीचा एक प्राणी उताणा ठेवून दाखविला कीं, पाहा, याची मज्जारज्जू पोटाकडे असते ती आतां वर आली; हृदय पाठीकडे असतें तें खालीं गेलें; हा आपल्यासारखाच, फक्त उलटा पडलेला! लोक हंसले.

१८२९ च्या डिसेंबरांत लामार्क वारला. शेवटचीं वर्षें तो आंधळा होता, आणि त्याला पुरलें तें मुदतीच्या भाड्याच्या जागेंत. मुदत संपल्यावर त्याच्या अस्थींचा पत्ताहि राहिला नाहीं. त्यानंतर दोनच महिन्यांनीं, १५ फेब्रुवारी १८३० रोजीं, पॅरिसच्या विज्ञान अकादमींत ठिणगी पडली. माकुलासारखे प्राणी म्हणजे मान कमरेला टेकेल असा मागें दुमडलेला पृष्ठवंशीय प्राणीच होय, अशा अर्थाचा दोन तरुणांचा निबंध होता व ज्योफ्रवानें त्याची तरफदारी केली. पुढच्याच आठवड्यांत क्यूव्हिए रंगीत आकृत्या घेऊन उभा राहिला आणि एकेक अवयव दाखवून त्यानें त्या दुमडीचा पार निकाल लाविला. वाद कित्येक आठवडे चालला. वृत्तपत्रांनीं तो उचलून धरला. जुलईंत पॅरिसमध्यें पुन्हां क्रांति झाली. ती बातमी वायमारला पोंचली त्या वेळीं ऐंशी वर्षांचा गटे आपल्या पाहुण्याजवळ मोठ्या उत्साहानें 'त्या महान् घटने'विषयीं बोलूं लागला. पाहुण्याला वाटलें राजा पळाला त्याबद्दल, आणि गटेच्या मनांत होता अकादमींतील वाद! एरवीं लोकांच्या दृष्टीनें क्यूव्हिए जिंकला. माकुलापुरतें पाहिलें तर त्याचें म्हणणें खरेंहि होतें. तो १८३२ सालीं गेला. ज्योफ्रवाची दृष्टि पुढें गेली व १८४४ सालीं तोहि निवर्तला.

पुलाचा खरा दगड मात्र फार पूर्वींच सांपडून ओळखावांचून पडला होता. १७७४ सालीं पालास या शास्त्रज्ञानें इंग्लंडच्या कॉर्नवॉल किनाऱ्यावरून मद्यार्कांत घालून आलेल्या, दोहों टोकांस निमुळत्या, दोन इंच लांबीच्या प्राण्याला गोगलगाय समजून तसें नांव दिलें. साठ वर्षांनीं नेपल्सला कोस्ता यानें त्याला जिवंत पाहिलें, तेव्हां तें माशाच्या कुळांतलें आहे हें कळलें. हाच अँफिऑक्सस. चीनच्या अमॉय, म्हणजे आजच्या श्यामेन बंदराजवळचे कोळी त्याला वाळूंतून उपसून खात असत. याला डोकें म्हणावें असें नाहीं, जबडा नाहीं, मणका एकहि नाहीं; पण पाठींतून एक लवचीक दोरी जाते व तिच्यावर मज्जारज्जू असते. ही पृष्ठरज्जू. माणसाच्या गर्भांतहि प्रथम हीच दिसते, आणि मणके मागून तिच्याभोंवतीं बनतात.

याहून मोठें आश्चर्य कोवालेव्हस्की या सव्वीस वर्षांच्या रशियन तरुणानें १८६६ सालीं पुढें आणलें. समुद्रांतील खडकांना चिकटलेल्या व बोट लावतांच पाण्याची चिळकांडी सोडणाऱ्या कातडी पिशव्या, ज्यांना अॅसिडियन म्हणतात, त्यांचीं पिल्लें त्यानें सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलीं. तीं बेडकाच्या पिल्लांसारखीं पोहत होतीं, आणि शेपटींत पृष्ठरज्जू होती! थोड्याच वेळांत पिल्लूं डोक्याकडून खडकाला चिकटतें, शेपटी विरते, आणि कुळाची खूण नाहींशी होते. डार्विननें १८७१ च्या आपल्या ग्रंथांत या शोधाचा आदरानें उल्लेख केला. या सर्वांना आतां रज्जुमान प्राणी म्हणतात. आणि २००६ सालीं जनुकांच्या तुलनेवरून असें दिसून आलें कीं, माशासारख्या दिसणाऱ्या अँफिऑक्ससपेक्षां ही दगडावरची पिशवीच आपल्याला अधिक जवळची आहे.

आणि त्या उताण्या शेवंडाचें काय? १९९५-९६ च्या सुमारास असें आढळलें कीं, बेडकाच्या गर्भांत पाठ कोणती तें ठरविणारें एक जनुक व माशीच्या गर्भांत पोटाकडची बाजू ठरविणारें एक जनुक हीं मुळांत एकच आहेत. एकाचा संदेश दुसऱ्याच्या गर्भांत घातला तरी तो आपलें काम बिनचूक करतो. बाजू मात्र उलट. क्यूव्हिए हयात असता तर त्यानें याहि आकृत्या मागविल्या असत्या.

कॅनडाच्या डोंगरांतील सुमारें ५० कोटि वर्षांपूर्वींच्या पाटीच्या दगडांत वॉलकॉट यास पिकाइया नांवाचा एक लहानसा जीव सांपडला. १९११ सालीं त्यानें तो कृमि म्हणून नोंदला. १९७९ सालीं तो रज्जुमानांत आला, आणि आपल्या कुळाचा एक प्राचीन नातेवाईक म्हणून पुस्तकांत त्याचीं चित्रें छापलीं गेलीं. २०२४ सालीं अभ्यासकांनीं त्याचे ठसे पुन्हां तपासले, तेव्हां आजवर ज्या बाजूला पाठ म्हटलें ती पोटाची बाजू आहे असा निर्णय त्यांनीं दिला, आणि तीं चित्रें उलटीं करावीं लागलीं.