फुलचूर व परिसर : स्थलनामे आणि ग्रामेतिहास

गोंदिया शहरातून गोरेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर फुलचूर हे गाव आहे. शहराची वस्ती कोठे संपते व गावाची कोठे सुरू होते, हे आज प्रवाशाच्या सहसा ध्यानात येत नाही. किल्ले व शिलालेख एवढीच इतिहासाची साधने मानल्यास अशी गावे इतिहासाबाहेर राहतात. परंतु गावाचे नाव आणि शेतकऱ्याची बोली ही साधने येथे सहज उपलब्ध आहेत.

'फुलचूर' या नामातील उत्तरपदाचा संबंध धान मळण्याच्या अर्थी या भागात रूढ असलेल्या 'चुरणे' या क्रियापदाशी लावण्याचा मोह होतो. तथापि जुन्या कागदपत्रांतील रूपे पाहिल्यावाचून केवळ ध्वनिसाम्यावर व्युत्पत्ती उभारणे शास्त्रास धरून होणार नाही. त्यामानाने फुलचूरटोला व फुलचूरपेठ ही लगतची दोन नावे अधिक बोलकी आहेत. 'टोला' म्हणजे मूळ गावातून फुटून निघालेली वस्ती. देशावर ज्या ठिकाणी 'वाडी' येते, तेथे बालाघाट व छत्तीसगडप्रमाणे इकडे 'टोला' येतो. 'पेठ' हा मराठीतील बाजारवाचक शब्द असून कानडी 'पेटे' व तेलुगू 'पेट' हे त्याचे सगोत्र होत. एकाच ग्रामनामास एक पद उत्तरेकडचे व एक दक्षिणेकडचे जोडले जावे, यातच या प्रदेशाचे सीमावर्ती स्वरूप दिसून येते.

राजकीय इतिहास याला पोषकच आहे. नागपूरकर भोसल्यांचे राज्य इ. स. १८५४ मध्ये खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्यप्रांताची रचना झाली. पुढे १९५६ मध्ये हा भाग द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९९९ मध्ये भंडाऱ्यापासून गोंदिया जिल्हा वेगळा करण्यात आला. राज्ये बदलली, तरी पोवारी, गोंडी, हिंदी व झाडीबोली यांचा शेजार कायम राहिला.

मोठा पालट घडविला तो रेल्वेने. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात नागपूर-छत्तीसगड मार्ग या भागातून गेला. पुढे जबलपूर व नागभीडकडील अरुंदमापी मार्ग येऊन मिळाल्यावर गोंदिया हे जंक्शन झाले. तांदूळ, लाकूड, तेंदूपत्ता व विडी यांचा व्यापार तेथे एकवटला, बाजारात हिंदीचे चलन वाढले आणि भोवतालची खेडी शहराच्या छायेत आली.

या स्थित्यंतरात सर्वाधिक धोका आहे तो शब्दांना. झाडीबोलीत 'ण' व 'ळ' हे वर्ण नाहीत. 'पाणी'चे 'पानी' होते. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी या बोलीचा पद्धतशीर अभ्यास करून तिला विद्वानांच्या नजरेस आणले. परंतु धानाच्या खाचरास 'बांधी', लहान तळ्यास 'बोडी', रोपांस 'पऱ्हे', लावणीस 'रोवणी' हे शब्द ज्या व्यवहारामुळे जिवंत आहेत, तो व्यवहारच शहरालगतच्या गावांत आकसत आहे. बांधीवर घरे उठली की तिचे नाव प्रथम बोलण्यातून आणि मग स्मरणातूनही जाते. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, तरी 'मामा तलाव', म्हणजे माजी मालगुजारी तलाव, या संक्षेपातून ती व्यवस्था शब्दरूपाने उरली आहे. शेतनामांना असा आधार मिळालेला नाही.

म्हणून फुलचूरसारख्या गावी जाणाऱ्या अभ्यासकाने देवळे पाहण्यापूर्वी वृद्ध शेतकऱ्यांकडून शिवारातील नावे उतरवून घ्यावीत व महसुली नकाशांशी ताडून पाहावीत. शिलालेख शतकानुशतके वाट पाहू शकतो. बोलीतील नाव एका पिढीपलीकडे वाट पाहत नाही.